पत्रांचा धनी कोण? : हेन्री जेम्सच्या ‘द अ‍ॅस्पर्न पेपर्स’मधील व्यवहाराचे एक वाचन

प्रस्तावना

थोर व्यक्तींची हस्तलिखित पत्रे जमवणे, जपणे आणि विकणे हा उद्योग युरोपात एकोणिसाव्या शतकात चांगलाच रुजला. पॅरिस व लंडन येथे केवळ पत्रांचा व्यापार करणाऱ्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या छापील सूच्या निघू लागल्या, आणि कवीच्या हातचा चार ओळींचा कागद हा जडजवाहिरासारखा भाव असणारा जिन्नस ठरला. या उद्योगाचे साहित्यात जे पडसाद उमटले त्यांपैकी दोन कलाकृती योगायोगाने एकाच वर्षी, १८८८ साली, प्रसिद्ध झाल्या. एक, इंग्रजीतील हेन्री जेम्सची दीर्घकथा ‘द अ‍ॅस्पर्न पेपर्स’. दुसरी, फ्रेंचमधील आल्फोन्स दोदेची ‘लिमॉर्तेल’ ही कादंबरी. पहिली आजही महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत आढळते. दुसरी बहुतांशी विस्मृतीत गेली आहे.

जेम्सच्या दीर्घकथेचे प्रचलित वाचन ‘खाजगीपणा विरुद्ध संशोधकाचा हक्क’ या द्वंद्वाभोवती फिरते. थोर कवीच्या खाजगी पत्रांवर वाङ्मयेतिहासाचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न वर्गात विचारला जातो आणि निवेदकाच्या नैतिक ऱ्हासाची चर्चा होऊन विषय संपतो. हे वाचन चुकीचे नाही. परंतु त्यात कथेतील एक ठळक वस्तुस्थिती निसटते. ती म्हणजे या कथेत पहिल्यापासून अखेरपर्यंत पैशाची बोलणी चालू आहेत. भाडे, आगाऊ रक्कम, चित्राची किंमत, उशिरा पाठवलेली भरपाई हे सारे आकडे काढून टाकले तर कथा उभीच राहत नाही. प्रस्तुत लेखात ही कथा पत्रांच्या खरेदी-विक्रीची कथा म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. असे वाचले असता पत्रे जपणारी वृद्ध स्त्री ही संशोधनाच्या वाटेतील धोंड न राहता व्यवहारातील समान पक्ष ठरते, आणि निवेदकाचा खरा दोष हा लोभ नसून आपण गिऱ्हाईक आहोत हे नाकारणे हा आहे, असे दिसून येते.

कथाबीज

या कथेचे बीज जेम्सला १८८७ च्या जानेवारीत फ्लॉरेन्समध्ये मिळाले. त्याने आपल्या टिपणवहीत ते नोंदवून ठेवले आहे. मेरी शेलीची सावत्र बहीण आणि बायरनच्या अलेग्रा या मुलीची आई क्लेअर क्लेअरमॉन्ट १८७९ पर्यंत फ्लॉरेन्समध्ये हयात होती. तिच्याजवळ शेलीची पत्रे आहेत या समजुतीने शेलीभक्त असा एक अमेरिकन जहाजी कप्तान, सिल्सबी, तिच्या घरी भाडेकरू म्हणून येऊन राहिला. म्हातारी मेली की कागद हाती येतील असा त्याचा हिशेब होता. ती वारल्यानंतर तिच्या प्रौढ, अविवाहित पुतणीने मात्र पत्रांच्या बदल्यात लग्नाची अट घातली आणि कप्तानाने तेथून पळ काढला, अशी ती दंतकथावजा हकीकत होती.

जेम्सने शेलीच्या जागी जेफ्री अ‍ॅस्पर्न हा काल्पनिक अमेरिकन कवी आणला, फ्लॉरेन्सऐवजी व्हेनिस घेतले आणि क्लेअरच्या जागी ज्युलियाना बॉर्डेरो ही अतिवृद्ध स्त्री कल्पिली. कधीकाळी अ‍ॅस्पर्नची प्रेयसी असलेली ही स्त्री एका पडक्या, प्रशस्त वाड्यात मिस टीटा हिच्यासह जगापासून दूर राहते. (दोघींचे आडनाव एकच असल्याने टीटाला पुतणी म्हणावे, नाते नेमके किती जवळचे आहे याविषयी मराठी वाचकाला जी उत्सुकता वाटेल तिचे पुरते समाधान कथा करीत नाही.) आडनावाची निवडही लक्षात घेण्याजोगी आहे. फ्रेंच भाषेत ‘बॉर्डेरो’ म्हणजे हिशेबाची तपशीलवार यादी, पेढीवर लिहून देतात तसली चिठ्ठी. हे आडनाव देताना हा अर्थ जेम्सच्या मनात होता असे सिद्ध करता येणार नाही. तथापि फ्रेंच उत्तम जाणणाऱ्या लेखकाने ते नकळत दिले असेल हेही पटत नाही.

भाड्याची बोलणी

कथेचा निवेदक निनावी आहे. तो आणि त्याचा इंग्रज सहकारी जॉन कम्नर हे दोघे अ‍ॅस्पर्नचे संपादक व उपासक. कम्नरने ज्युलियानाला रीतसर पत्र लिहून कागदांची विचारणा केली होती आणि तिने ती धुडकावून लावली होती. म्हणून निवेदक खोटे नाव धारण करून, बागेची आवड असलेला प्रवासी म्हणून वाड्यात खोल्या मागायला जातो. त्याआधी मिसेस प्रेस्ट ही त्याची परिचित त्याला एक साधा प्रश्न विचारते : सरळ रोख रक्कम देऊ करून कागद का मागत नाही? निवेदकाचे उत्तर असे की, कागदांचा विषय काढताच सारा डाव फसेल. हा संवाद कथेच्या आरंभीच येतो आणि वाचक तो सहज ओलांडून जातो. वस्तुतः कथेतील एकमेव प्रामाणिक मार्ग येथे सुचवला गेला आहे व नाकारलाही गेला आहे. निवेदकाला पत्रे हवी आहेत, पण ती विकत घेण्याचा कमीपणा नको आहे. पुढचे सारे कपट या सोवळेपणातून जन्मते.

ज्युलियानाला असले सोवळे नाही. ती महिना एक हजार फ्रँक भाडे सांगते. पडक्या वाड्यातील रिकाम्या खोल्यांसाठी ही रक्कम अवाच्या सवा आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. निवेदक घासाघीस न करता तीन महिन्यांचे तीन हजार फ्रँक आगाऊ मोजतो. ही तत्परताच त्याला उघडी पाडते. कोणताही सामान्य भाडेकरू जे देणार नाही ते हा देतो आहे, याचा अर्थ त्याला खोल्या नको आहेत. ज्युलियानाने हे कधी ओळखले याविषयी समीक्षकांत मतभेद असू शकतात. पण कथेतील पुरावा असे सुचवतो की आकडा सांगितला त्याच क्षणी तिने त्याची परीक्षा घेतली आणि उत्तर मिळवले. जुन्या वस्तूंच्या बाजारातील कोणताही मुरलेला विक्रेता हेच करतो. गिऱ्हाईकाला काय हवे आहे ते तो विचारत नाही, किंमत सांगून त्याचा चेहरा पाहतो.

निवेदकाला या प्रसंगाने धक्का बसतो. अ‍ॅस्पर्नची दैवी प्रेयसी पैशाची भाषा बोलते हे त्याला सहन होत नाही. येथे जेम्सचा उपरोध अत्यंत सूक्ष्म आहे. निवेदकाच्या दृष्टीने ज्युलियाना म्हणजे अ‍ॅस्पर्नच्या कवितेचा जिवंत अवशेष. तिने खावे, प्यावे, औषधपाणी करावे, आपल्या मागे पुतणीचे काय होणार याची काळजी करावी, हे त्या अवशेषाला शोभणारे नाही. पुढे कळते की ती पै-पै जोडते आहे ती टीटासाठी. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या प्रेमाचे कागद आणि निर्वाहाचे साधन नसलेली प्रौढ पुतणी, एवढीच तिची इस्टेट आहे. दुसरीची सोय पहिल्यातून कशी लावायची, कागद हातचे न सोडता, हा तिचा प्रश्न आहे. अशा दृष्टीने पाहता तिचे भाडे हे लोभाचे लक्षण नसून अत्यंत काटेकोर अर्थशास्त्र आहे : पत्रे विकायची नाहीत, पण पत्रांच्या इच्छेवर भाडे आकारायचे. इंग्रजी साहित्यात वारसा सांभाळणाऱ्या स्त्रियांची चित्रे पुष्कळ आहेत. आपल्याजवळच्या वस्तूचे मोल इतक्या अचूक ओळखणारी आणि ती वस्तू न दाखवताच तिच्यावर उत्पन्न काढणारी दुसरी स्त्री सहज आठवत नाही.

चित्र, रात्र आणि मागणी

भाडे पुढे चालू ठेवण्याविषयी बोलणी अडल्यावर ज्युलियाना एक लहानसे चित्र काढून निवेदकाच्या हाती देते. ते तरुण अ‍ॅस्पर्नचे, तिच्या वडिलांनी काढलेले. हे विकल्यास काय येईल, असे ती विचारते आणि स्वतःच एक हजार पौंडांचा आकडा उच्चारते. निवेदक अ‍ॅस्पर्नला ओळखूनही न ओळखल्याचे सोंग करतो. संपूर्ण कथेत विक्रीची उघड बोलणी होते ती या एकाच वस्तूविषयी, आणि त्यातही दोघे जण खोटे बोलत आहेत. तिला चित्र विकायचे नाही, त्याला चित्र नको आहे. दोघेही पत्रांविषयी बोलत आहेत आणि पत्रांचा उल्लेख कोणी करीत नाही. जेम्सच्या संवादकलेचा हा उत्कृष्ट नमुना आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पत्रव्यापारातील एक कायमचे सत्य त्यात आले आहे. कागदाचा भाव त्यातील मजकुरावरून ठरत नाही, तो घेणाऱ्याच्या ओढीवरून ठरतो. वाचकाला अखेरपर्यंत अ‍ॅस्पर्नच्या पत्रांतील एक शब्दही वाचायला मिळत नाही. त्या पेटीत काय आहे, किती आहे, मुळात वाचण्याजोगे आहे की नाही, हे निवेदकालाही माहीत नाही. त्याच्या ध्यासाचे पोषण या अज्ञानावरच होते.

यानंतरचा प्रसंग सर्वपरिचित आहे. ज्युलियाना आजारी असताना एका रात्री निवेदक तिच्या दिवाणखान्यात शिरतो आणि कपाटवजा मेजाच्या झाकणाकडे हात नेतो. त्याच क्षणी दारात ज्युलियाना उभी असते. नेहमी डोळ्यांवर असणारी हिरवी झापड आज नाही. तिचे डोळे तो प्रथमच पाहतो. ती त्याला जे म्हणते त्यात शिवी आहे आणि त्या शिवीचे विशेषण प्रकाशनाच्या धंद्याचे आहे. ती त्याला चोर म्हणत नाही, हे ध्यानात घ्यावे. चोरीपेक्षा छापणे हा तिच्या लेखी मोठा गुन्हा आहे. निवेदक बारा दिवस गाव सोडून जातो आणि परत येतो तेव्हा ती वारलेली असते.

मग टीटाची पाळी येते. आपण परके नसता, नात्यातले असता, तर कागद आपलेच झाले असते, असे ती अडखळत सुचवते. बहुतेक वाचक या सूचनेकडे एका एकाकी स्त्रीची केविलवाणी विनवणी म्हणून पाहतात. निवेदकही तसेच पाहतो. परंतु कथेच्या आर्थिक तर्कानुसार ही सर्वांत रास्त अट आहे. ज्युलियानाने पुतणीच्या भवितव्यासाठी पैसा मागितला. पुतणी पैशाऐवजी ते भवितव्यच मागते. शिवाय तिच्या सूचनेत एक कायदेशीर शहाणपण आहे. घरचे कागद घरच्या माणसाला मिळतात. वारसाहक्काने पत्रे मिळवायची तर वारस व्हावे लागते. निवेदक घाबरून पळतो, रात्रभर विचार करतो आणि सकाळी, आता ही स्त्री आपल्याला तितकीशी वाईट वाटत नाही, असे ठरवून परततो. तोवर टीटाने आदल्या रात्री स्वयंपाकघरात एकेक करून सारे कागद जाळलेले असतात. वेळ पुष्कळ लागला, कारण कागद पुष्कळ होते, हे ती शांतपणे सांगते. पेटीतील ऐवजाचे कथेत मिळणारे हे एकमेव मोजमाप.

दोन पाठांमधील अखेरचे वाक्य

जेम्सने ही कथा १९०८ साली आपल्या समग्र साहित्याच्या न्यूयॉर्क आवृत्तीसाठी सुधारली. मिस टीटा ही मिस टीना झाली. इतरही फेरफार झाले. त्यांपैकी अखेरच्या वाक्यातील बदल प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. निवेदक तिला चित्राच्या किमतीपोटी मोठी रक्कम पाठवतो, चित्र विकले असे लिहितो, आणि प्रत्यक्षात ते आपल्या लिहिण्याच्या मेजावर टांगतो. १८८८ च्या पाठात चित्राकडे पाहताना पत्रे गमावल्याची खंत त्याला असह्य होते. १९०८ च्या पाठात तो आधी केवळ आपल्या हानीविषयी बोलतो आणि मग घाईने, जणू कोणी विचारल्यासारखे, ही हानी म्हणजे त्या मोलाच्या कागदांची, असा खुलासा जोडतो.

हा खुलासा म्हणजे टीनाच्या प्रेमाची उशिरा आलेली जाणीव, असे मानण्याची प्रथा आहे. ते मान्य करूनही आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते. पैसे देण्याची जी साधी कृती त्याला पहिल्या दिवशी कमीपणाची वाटली ती तो शेवटी करतो, पण तीही खोट्या विक्रीच्या आडून. स्वतःच खरेदीदार असून तो स्वतःला दलाल म्हणवतो. पत्रसंग्राहकांच्या जगात हा प्रकार अनोळखी नाही; तेथे मालक अनेकदा निनावी राहतो आणि मध्यस्थाचे नाव पुढे येते. जेम्सने मात्र तो नैतिक निदानासाठी वापरला आहे.

दोदेचा विद्वान आणि त्याचे गिऱ्हाईकपण

येथे दोदेच्या कादंबरीकडे वळणे उपयुक्त ठरते, कारण तिच्यातील संग्राहक जेम्सच्या निवेदकाच्या नेमका उलट आहे. तो सरळ पैसे मोजतो, पावत्या घेतो आणि फसतो. या पात्रामागे प्रत्यक्ष घडलेले प्रकरण आहे. मिशेल शाल हे फ्रान्सचे अग्रगण्य भूमितिज्ञ, तेथील विज्ञान अकादमीचे सदस्य. व्रँ-ल्यूका नावाच्या इसमाने त्यांना वर्षानुवर्षे मिळून २७ हजारांहून अधिक बनावट पत्रे विकली व सुमारे दीड लाख फ्रँक उकळले. त्या पत्रांत क्लिओपात्रा होती, अरिस्टॉटलला लिहिणारा सिकंदर होता, मेरी मॅग्डालीन होती, आणि ही सर्व मंडळी फ्रेंचमध्ये पत्रव्यवहार करीत होती. १८६७ साली शाल यांनी पास्कालची पत्रे अकादमीपुढे मांडून गुरुत्वाकर्षणाच्या शोधाचा मान न्यूटनऐवजी पास्कालला देण्याचा प्रयत्न केला. वाद दोन वर्षे चालला. १८७० साली व्रँ-ल्यूकाला दोन वर्षांची कैद झाली.

हसू येते खरे, पण या हसण्यात पुरेसे स्पष्टीकरण नाही. शाल मूर्ख नव्हते. त्यांची भूमितीतील कामगिरी आजही मान्य आहे. त्यांना फ्रान्सचा गौरव हवा होता आणि विक्रेत्याने तो कागदावर लिहून आणून दिला. बनावट पत्र करणाऱ्याचे कसब शाई-कागदात असतेच, पण त्याहून अधिक ते गिऱ्हाईकाची इच्छा ओळखण्यात असते. ज्युलियानाने एका आकड्यात जे ओळखले तेच व्रँ-ल्यूकाने ओळखले. फरक असा की तिच्याजवळ खरे कागद होते आणि तिने ते दाखवले नाहीत. त्याच्याजवळ काहीच नव्हते आणि त्याने दररोज नवे आणून दाखवले.

दोदेने शाल यांचा गणितज्ञ काढून लेओनार आस्तिए-रेह्यू हा इतिहासकार केला, फ्रेंच अकादमीची खुर्ची दिली, आणि अखेर फजिती उघड झाल्यावर त्याला सीन नदीत जीव द्यायला लावले. अकादमीतील हेवेदावे, मतांची भीक, समारंभी पोशाखातील रिकामी माणसे यांचे चित्रण झणझणीत आहे. संस्थात्मक प्रतिष्ठा चुकीची कबुली देऊ देत नाही, उलट चूक टिकवून धरते, हे दोदेला जेम्सपेक्षा चांगले कळते. जेम्सच्या कथेत संस्था नाहीच. दोन संपादक आणि एक उन्हाळा एवढेच आहे. परंतु दोदेचा बनावटखोर, आल्बँ फाज हा कुबडा पुस्तकबांधणीवाला, केवळ खलपात्र राहतो. विकणाऱ्याच्या मनात काय चालते याची दोदेला उत्सुकता नाही. त्यामुळे ‘लिमॉर्तेल’ एका संस्थेवरील व्यंग म्हणून संपते आणि त्या संस्थेचा संदर्भ पुसट झाल्याबरोबर पुसट होते. जेम्सने विकणाऱ्या बाजूला बुद्धी दिली, हिशेब दिला, आणि विकायचे नाकारण्याचा अधिकार दिला. त्याची कथा टिकली ती याच बळावर.

कागद एकाचा, शब्द दुसऱ्याचा

पत्राच्या मालकीविषयी इंग्रजी कायद्याने फार लवकर एक विभागणी केली. कवी अलेक्झांडर पोप याने एडमंड कर्ल या पुस्तकविक्रेत्याविरुद्ध लढवलेल्या खटल्यात १७४१ साली असा निर्णय झाला की पत्राचा कागद हा ज्याला ते आले त्याचा. पण ते छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. अ‍ॅस्पर्नच्या कागदांना हे तत्त्व लावून पाहिले तर निवेदकाची भूमिका अधिकच डळमळीत होते. कागद ज्युलियानाचे, छापण्याचा हक्क अ‍ॅस्पर्नचा वा त्याच्या वारसांचा. निवेदकाचे त्यात काहीच नाही. त्याचा दावा केवळ भक्तीचा आहे. विद्वत्तेला भक्तीतून मालकी मिळते, हा समज कथेतील निवेदकापुरता मर्यादित नाही.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाचे ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावशेष ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. देशांतर्गत विक्रीला मात्र हा कायदा अटकाव करीत नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी धूर्जटीप्रसाद मुखर्जी यांना लिहिलेली ३५ पत्रे जून २०२५ मध्ये मुंबईतील एका लिलावात ५ कोटी ९० लाख रुपयांना गेली, ती या चौकटीतच. ठाकुरांच्या साहित्यावरील स्वामित्वहक्क केव्हाच संपला असल्याने त्या पत्रांतील शब्द कोणीही छापू शकतो. कोट्यवधी रुपये मोजले गेले ते हस्ताक्षरासाठी. मजकूर सार्वजनिक आणि कागद खाजगी, अशी ही अठराव्या शतकातील विभागणीची बरोबर उलट अवस्था आहे.

महाराष्ट्रात जुन्या कागदांकडे पाहण्याची जी दृष्टी घडली ती मात्र बाजाराच्या अंगाने घडली नाही. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे होती. तेथे पत्राचे मोल ते कोणाच्या हातचे आहे यावर नव्हते, त्यातून तारीख, मुक्काम, फौज आणि पैका यांविषयी काय कळते यावर होते. कारकुनाच्या हातचे रुक्ष पत्र सरदाराच्या सहीइतकेच, कधी त्याहून अधिक, मोलाचे. ‘साधन’ हा शब्दच त्या दृष्टीची साक्ष देतो. तथापि या परंपरेलाही ज्युलियानाचा प्रश्न चुकलेला नाही. घराण्यांची दप्तरे मागायला गेलेल्या संशोधकाला अनेक वाड्यांत नकार ऐकावा लागला, आणि त्या नकारांची आठवण मराठीत सहसा अज्ञानाच्या वा संशयखोरपणाच्या सदराखाली सांगितली जाते. वाड्यातील माणसाच्या बाजूने तीच गोष्ट कोणी लिहिलेली नाही.

अर्धा पत्रव्यवहार

जेम्सच्या कथेत एक प्रश्न कोणीच विचारत नाही. अ‍ॅस्पर्नने ज्युलियानाला लिहिलेल्या पत्रांसाठी एवढा खटाटोप चालतो. ज्युलियानाने अ‍ॅस्पर्नला लिहिलेली पत्रे कोठे गेली? निवेदकाच्या मनात हा विचार क्षणभरही येत नाही. त्याच्या लेखी पत्रव्यवहाराला एकच टोक आहे. संग्राहकाची नजर अशीच एकटांगी असते, कारण बाजारात थोराच्या पत्रालाच भाव असतो, थोराला आलेल्या पत्राला नसतो.

थोरांचे स्वतःचे वागणेही या असमतोलाला हातभार लावते. १९०९ च्या सुमारास खुद्द जेम्सने राय येथील आपल्या घराच्या बागेत आपल्याजवळच्या पत्रांची होळी केली. आपल्यामागे कोणी निवेदक आपल्या दारी येऊ नये, हा त्यामागचा हेतू त्याने नातलगांना स्पष्ट केला होता. पण माणूस जाळू शकतो ती आपल्याला आलेली, म्हणजे इतरांनी लिहिलेली पत्रे. त्याने लिहिलेली दुसऱ्यांच्या कपाटांत सुरक्षित असतात. जेम्सची दहा हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत आणि नेब्रास्का विद्यापीठाच्या मुद्रणालयाने २००६ पासून त्यांच्या समग्र आवृत्तीचे खंड प्रकाशित केले आहेत. त्याच्या मित्रांचे आवाज त्या मानाने विरळ आहेत.

जोहान्सबर्गमधील वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख आणि गांधीजी यांच्या पत्रव्यवहाराचेही असेच झाले. टॉलस्टॉय फार्मसाठी १९१० साली जमीन देणाऱ्या या मित्राची पत्रे गांधीजींनी नष्ट केली, ती इतर कोणाच्या नजरेस पडू नयेत ही कॅलनबाख यांची इच्छा आहे असे समजून. गांधीजींची पत्रे कॅलनबाख यांनी मात्र जिवापाड जपली. ते १९४५ साली वारले. कागद कुटुंबाकडे राहिले. आणि २०१२ च्या जुलैत लंडनच्या सदबीज संस्थेने पत्रे, छायाचित्रे व इतर दस्तऐवजांचा तो संग्रह लिलावासाठी मांडला. लिलावापूर्वीच भारत सरकारने तो सुमारे ७ लाख पौंडांना विकत घेतला, आणि तो नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आला. मिसेस प्रेस्टने व्हेनिसमध्ये सुचवलेला मार्ग येथे एका राष्ट्राने पत्करला : रोख रक्कम, उघड नाव. कॅलनबाख यांच्या कुटुंबाला टीटासारखी अट घालावी लागली नाही.

त्या संग्रहात गांधीजी आहेत, त्यांचे कुटुंबीय आहेत, फिनिक्स आणि टॉलस्टॉय फार्मवरचे जीवन आहे. गांधीजींच्या ज्या पत्रांत कॅलनबाख यांच्या एखाद्या वाक्याला उत्तर दिलेले आहे तेथे अभ्यासकाला ते वाक्य उत्तरावरून ताडून घ्यावे लागते.